पावतीपुस्तक कोणाच्या खिशात?

"१९४८ साली समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली, ती आपल्याकडच्या डाव्या राजकारणाची सगळ्यात महागडी चूक," आतला म्हणाला. "आणि सोडली कुठे, तर नाशिकला! त्याच गावच्या तुरुंगात पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कायदेभंगात पकडलेल्या पोरांनी रात्र-रात्र वाद घालून हा पक्ष मनात मांडला होता. जयप्रकाश, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, नानासाहेब गोरे. सगळे तिशीच्या आतबाहेरचे. मे १९३४मध्ये पाटण्याला आचार्य नरेंद्र देवांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस समाजवादी पक्षाचा पाया घातला गेला, तेव्हा नियम काय केला त्यांनी? जो काँग्रेसचा सभासद नाही त्याला इथे प्रवेश नाही. घर बदलायचं तर घरात राहूनच, हे त्यांना तेव्हा पक्कं कळत होतं. आणि घर बदलत होतंही. १९३६च्या लखनौ अधिवेशनानंतर नेहरूंनी त्यांच्यातले तिघे, जयप्रकाश, नरेंद्र देव आणि अच्युतराव, थेट वर्किंग कमिटीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या खानदेशात, फैजपूरला, पहिल्यांदाच खेड्यात भरलेल्या अधिवेशनात काँग्रेसने शेतकऱ्याच्या सारा-खंड-कर्जाचा कार्यक्रम मंजूर केला. अडीच वर्षांत एवढं! बाहेर राहून कुणी देशातल्या सर्वांत मोठ्या संघटनेकडून अडीच वर्षांत एवढं वदवून घेतल्याचं एक उदाहरण मला सांगा, ताई."

त्याला आतला म्हणायचं, कारण तो अजून पक्षात आहे. तिला बाहेरची म्हणायचं, कारण ती एकेकाळी त्याच पक्षात होती. पक्ष कोणता याला फारसं महत्त्व नाही. सभेच्या सतरंज्या कुणी घालायच्या आणि व्यासपीठावर कुणी बसायचं, ही वाटणी सगळीकडे सारखीच असते.

"भाऊ, तुम्ही लखनौहून एकदम फैजपूरला उडी मारलीत," बाहेरची म्हणाली. "मधला जून महिना गाळलात. त्या जूनमध्ये वर्किंग कमिटीतल्या सात जणांनी राजीनामे लिहून दिले. वल्लभभाई, राजेंद्रबाबू, राजाजी, कृपलानी, जयरामदास दौलतराम, जमनालाल बजाज आणि आपले शंकरराव देव. तक्रार काय, तर अध्यक्ष समाजवादाचा प्रचार करतात. म्हणजे तुमच्या तिघांना तीन खुर्च्या मिळाल्या आणि बाकीच्या सात जणांनी आपल्या खुर्च्या सरकवून उठायची धमकी दिली. गांधीजी मध्ये पडले, राजीनामे मागे घेतले गेले. पण अध्यक्षाला कुठपर्यंत बोलता येतं ती रेघ त्या दिवशी आखली गेली. त्याआधी १९३४मध्येच, पक्ष नुकता कुठे जन्माला आलेला असताना, वर्किंग कमिटीने खासगी मालमत्तेच्या जप्तीच्या आणि वर्गयुद्धाच्या सैल गप्पांवर नापसंतीचा ठराव केला होता. बारशालाच कानपिचकी! आणि फैजपूरच्या ठरावाचं पुढे काय झालं तेही सांगा ना. १९३७ला मंत्रिमंडळं घेऊ नका असं समाजवादी ओरडत होते, ती घेतली गेली. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारने संपावर निर्बंध घालणारं औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ला गिरण्या बंद पडल्या, त्या कुणी पाडल्या? आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी. ठराव आतल्यांनी लिहिला खरा, पण कामगार रस्त्यावर उतरला तो बाहेरच्यांच्या हाकेवर.

"आणि 'सोडली' हे क्रियापद मला मान्य नाही. फेब्रुवारी १९४८मध्ये काँग्रेसने घटना बदलली. ज्या गटाला स्वतःची घटना आहे, स्वतःची सभासदनोंदणी आहे, स्वतःची शिस्त आहे, त्याला काँग्रेसमध्ये जागा नाही असं ठरलं. देशात असा ठळक गट कोणता होता? गांधीजींना जाऊन महिनाही झाला नव्हता. जाण्यापूर्वी काही आठवडे त्यांनी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी नरेंद्र देवांचं नाव सुचवलं होतं, ते श्रेष्ठींना रुचलं नव्हतं. गांधी गेले आणि दार लावलं गेलं. मार्चमध्ये नाशिकला समाजवाद्यांनी फक्त लावलेल्या दाराची नोंद घेतली."

आतल्याने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. "दार लावलं हे खरं. पण ते त्यांच्या गटाला लावलं होतं, माणसांना नव्हतं. गट मोडून माणसांनी आत राहायचं, हा मार्ग मोकळा होता. ते बाहेर गेल्यावर काय झालं बघा. उत्तर प्रदेशात नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विधानसभेच्या जागा सोडल्या. कायद्याने कुणी सोडायला लावल्या नव्हत्या. काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेली जागा आपली नाही, एवढंच कारण. आज कुणाला हे सांगितलं तर हसतील. पोटनिवडणुकीत काँग्रेसने नरेंद्र देवांसमोर बाबा राघवदासांना उभं केलं आणि प्रचार काय, तर हा माणूस देव मानत नाही. पडले. बौद्ध दर्शनाचा एवढा मोठा पंडित नास्तिक म्हणून पाडला गेला, आणि पाडणारे कालचे सहकारी. १९५२ला समाजवादी पक्षाला देशभर दहा टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि लोकसभेत जागा मिळाल्या १२. कम्युनिस्टांना साडेतीन टक्क्यांच्याही आत मतं आणि जागा १६. काँग्रेसला ४५ टक्के मतं, जागा ३६४. मतं पसरलेली, गड कुठेच नाही. आपल्या निवडणूक पद्धतीत याची शिक्षा कडक असते.

"आणि आत काय झालं? ऑक्टोबर १९४९मध्ये नेहरू परदेशात असताना वर्किंग कमिटीने संघाच्या स्वयंसेवकांना काँग्रेसचे सभासद होऊ द्यायचं ठरवलं. नेहरू परतल्यावर पुढच्या महिन्यात तो निर्णय फिरवला गेला, पण झाला होता ना? १९५०ला पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्ष झाले. तराजूच्या एका पारड्यातून तुम्ही उतरलात तर दुसरं खाली जाणारच. नेहरूंना १९५५मध्ये आवडीला समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव करावासा वाटला, तेव्हा तो राबवायला खाली माणसं कुठे होती? ती सात वर्षांपूर्वी नाशिकहून आपापल्या घरी गेली होती."

"छान. आता त्रिपुरी सांगा," बाहेरची म्हणाली.

तो गप्प राहिला, तेव्हा तिनेच सांगितलं. "जानेवारी १९३९. काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक. सुभाषबाबू एका बाजूला, गांधीजींचा आशीर्वाद असलेले पट्टाभी सीतारामय्या दुसऱ्या बाजूला. प्रतिनिधींनी मतं दिली आणि सुभाषबाबू दोनशेहून अधिक मतांनी निवडून आले. तुम्ही सारखं म्हणता ना, आत राहा, सभासद करा, मतं मिळवा, पक्ष ताब्यात येईल? हे सगळं झालं होतं. मार्चमध्ये त्रिपुरीला गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला: अध्यक्षाने वर्किंग कमिटी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. निवडून यायचं एकाने आणि माणसं नेमायची दुसऱ्याच्या इच्छेने. एप्रिलमध्ये सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. सनदशीर मार्गाने जिंकूनही आतला माणूस हरतो, याहून स्वच्छ पुरावा मी कुठून आणू?"

"पुरावा पुरा आणा," आतला म्हणाला. "पंतांच्या ठरावावर मतदान झालं, तेव्हा काँग्रेस समाजवादी पक्ष तटस्थ राहिला. ज्यांच्या मतांवर सुभाषबाबू निवडून आले त्यांत समाजवादी होते, आणि ऐन वेळी त्यांनी हात वर केलाच नाही. फूट नको, गांधी नसले तर चळवळ नाही, अशी त्यांची कारणं होती. कारणं खोटी नव्हती. पण मग हरवलं कुणी? श्रेष्ठींनी की भिडेने? आतल्या बंडखोराचा पहिला शत्रू श्रेष्ठी नसतातच. आपण नसलो तर पक्षाचं कसं होईल, ही काळजी त्याला खाते. ती मलाही आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे."

इथे थोडं थांबायला हवं. या वादात दोघंही १९४८भोवतीच फिरत आहेत, आणि महाराष्ट्रात त्याच सुमारास दुसरं एक बंड झालं ते दोघांच्याही सोयीचं आणि गैरसोयीचं आहे. ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी शंकरराव देवांच्या पकडीतल्या प्रांतिक काँग्रेसवर चिडलेली होती. बहुजन समाज काँग्रेसमध्ये आणला आम्ही, आणि सूत्रं मात्र जुन्याच हातांत, अशी ती तक्रार. आधी त्यांनी काँग्रेसमध्येच शेतकरी कामगार संघ काढला, मग बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष. १९५०ला दाभाडीला मार्क्सवादी प्रबंध मंजूर झाला. आणि १९५४ साली केशवराव जेधे काँग्रेसमध्ये परत गेले. मोरेही गेले.

आतल्याला हे उदाहरण फार प्रिय. "यशवंतराव चव्हाण वयाने धाकटे, पण त्याच समाजातले, साताऱ्याच्या बेचाळीसच्या चळवळीतून आलेले. ते काँग्रेस सोडून गेले नाहीत. आठ-नऊ वर्षांत मुख्यमंत्री झाले. पंचायत राज आणलं, जिल्हा परिषदा आणल्या, सहकाराला हात दिला. जेध्यांना जे हवं होतं, प्रांतिक काँग्रेसची सूत्रं बहुजनांच्या हाती, ते जेधे बाहेर गेल्यावर आत राहिलेल्या माणसाने करून दाखवलं. जेधे परत आले तेव्हा पंगत उठायला आली होती."

"आणि संयुक्त महाराष्ट्र?" बाहेरचीने विचारलं. "मराठी माणसाचं राज्य हवं की नको, यावर यशवंतराव कुठे उभे होते? पक्षाच्या शिस्तीबरोबर. द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री म्हणून. बाहेर एस. एम. जोशी होते, डांगे होते, अत्रे होते, शेकापचे गावोगावचे कार्यकर्ते होते, गोळ्या खाणारे शंभरावर लोक होते. १९५७ला पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली, खुद्द यशवंतराव कऱ्हाडला जेमतेम तरले. तेव्हा कुठे दिल्लीला ऐकू गेलं. १ मे १९६०ला मंगल कलश आणण्याचा मान आतल्याला मिळाला, पण त्यातलं पाणी बाहेरच्यांनी भरलं होतं. माझं यशवंतरावांशी वैर नाही. माझं म्हणणं इतकंच, की आतल्या माणसाच्या यशाच्या हिशेबात बाहेरच्यांची मजुरी कधीच धरलेली नसते."

"रोजगार हमीच्या हिशेबात धरा," आतला म्हणाला, आणि हे बोलताना त्याचा सूर पहिल्यांदा बदलला. वाद जिंकण्यापेक्षा त्याला हे नीट सांगावंसं वाटत होतं. "वि. स. पागे. काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांची. साधी दिसते, पण तिच्यात एक कळ आहे: काम द्यायचं की नाही हे सरकारने नाही, मागणाऱ्याने ठरवायचं. खडी फोडायला, नालाबंडिंगला तोच येईल ज्याला खरोखर गरज आहे. यादी करायला तलाठी नको, पुढारी नको. असला विचार करायला सचिवालयाच्या आतली नजर लागते. पैसा कुठून येणार, याचंही उत्तर होतं. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या मजुराची मजुरी! १९७७ला विधिमंडळाने कायदा एकमताने मंजूर केला. देशभरात तो यायला २००५ उजाडलं. हे मोर्च्याने झालं नसतं, ताई."

"मोर्च्याशिवायही झालं नसतं," ती लगेच म्हणाली. "१९७२चा दुष्काळ आठवा. लाखो माणसं दुष्काळी कामांवर, आणि त्या कामांवर लाल निशाण, शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट यांनी मजुरांच्या संघटना बांधल्या. खडी फोडणाऱ्या बायकांनी संप केले, तहसील कचेऱ्यांना घेराव घातले. पाग्यांची कल्पना १९६५पासून कागदावर होती. ती कायद्याच्या पुस्तकात गेली ती त्या घेरावांनंतर."

"मग दोघांचंही खरं झालं."

"दोघांचंही खरं म्हटलं की सुटतो आपण, भाऊ. म्हणून मी म्हणणार नाही. कारण पागे आणि ते मजूर एका पक्षात असते, तर काय झालं असतं? त्या बायकांचा घेराव शिस्तभंग ठरला असता."

या ठिकाणी आतल्याने हातचा राखून ठेवलेला पत्ता टाकला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर या संपूर्ण वादातला तोच सगळ्यात जड पत्ता आहे. "ठीक. आता बाहेरच्यांनी बाहेर जाऊन काय बांधलं ते बघू. 'पक्षात पक्ष' म्हणून काँग्रेसने १९४८ला समाजवाद्यांना घालवलं, याचा तुम्हाला राग आहे. पण १९४०मध्ये याच समाजवाद्यांनी आपल्या पक्षातून कम्युनिस्टांना घालवलं होतं, ते का? १९३६ला जयप्रकाशांनी मोठ्या मनाने त्यांना आत घेतलं. त्यांनी आत येऊन आपली वेगळी शिस्त पाळली, आणि केरळची अख्खी शाखा उचलून नेली. नंबुद्रीपाद तर काँग्रेस समाजवादी पक्षाचे सहचिटणीस होते. मसानी आधीपासून सावध करत होते. म्हणजे वल्लभभाईंना समाजवाद्यांबद्दल जे वाटत होतं, तेच समाजवाद्यांना कम्युनिस्टांबद्दल वाटत होतं, आणि समाजवाद्यांनी केलं तेच, फक्त आठ वर्षं आधी.

"पुढे या. १९५४, त्रावणकोर-कोचीन. प्रजा समाजवाद्यांचं सरकार, मुख्यमंत्री पट्टम थाणू पिल्ले. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पक्षाचे सरचिटणीस लोहिया तुरुंगातून म्हणाले, आपल्या सरकारने राजीनामा द्यावा. स्वतंत्र देशात जनतेवर गोळी चालवणारं सरकार समाजवादी कसं? पक्षाने काय केलं? वर्षभरात लोहिया बाहेर. आपले मधू लिमये निलंबित. आणि त्या प्रजा समाजवादी पक्षाचे नेते कोण होते, माहीत आहे? आचार्य कृपलानी! तुमच्या त्या १९३६च्या सात सह्यांतली एक सही. समाजवादाचा प्रचार नको म्हणून राजीनामा देणारा माणूस सोळा वर्षांनी समाजवादी पक्षाचा अध्यक्ष.

"आणि आता १९७८-७९. जनता पक्ष. मधू लिमये म्हणतात, जनसंघातून आलेल्यांनी एक तर पक्षाचं सभासदत्व ठेवावं, नाहीतर संघाचं. दोन निष्ठा चालणार नाहीत. याच वादाने पक्ष चिरला, जुलै १९७९ला सरकार गेलं, १९८०मध्ये जनसंघवाले बाहेर पडून त्यांनी भारतीय जनता पक्ष काढला. लिमयांचा मुद्दा बरोबर होता असंच मी म्हणेन. पण शब्द कुणाचे होते? स्वतंत्र घटना, स्वतंत्र शिस्त, स्वतंत्र निष्ठा चालणार नाही. हे १९४८चं कलम आहे, ताई. तीस वर्षांपूर्वी ते ज्यांच्या तोंडावर मारलं गेलं, त्यांच्यापैकीच एकाच्या तोंडी आलेलं."

बाहेरची यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही २०१५ सांगाल."

"तेही सांगतो. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातून नोव्हेंबर २०१२मध्ये पक्ष निघाला. मोहल्ला सभा, स्वराज्य, उमेदवारही लोक ठरवणार. २८ मार्च २०१५ला आम आदमी पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना कार्यकारिणीतून काढलं. त्याच दिवशी मेधा पाटकरांनी राजीनामा दिला. काँग्रेसला साठ-सत्तर वर्षं लागली, इथे तीनही लागली नाहीत."

"म्हणजे तुमचं म्हणणं, बाहेर असं काही नसतंच. बाहेर पडलेला नवं आत तयार करतो."

"तसंच."

"मग प्रश्न आतबाहेरचा राहतच नाही," बाहेरची सावकाश म्हणाली. "आपण इतका वेळ चुकीच्या उंबऱ्यावर भांडतोय. अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे बघा जरा. तिथल्या डाव्या कार्यकर्त्यांचं आपल्या श्रेष्ठींशी वाजतंच. पण त्यांच्याकडे एक वस्तू आहे जी आपल्याकडे कधीच नव्हती. पक्षाचा उमेदवार प्रायमरीत, म्हणजे मतदारांच्या मतदानाने, ठरतो, आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यात मी अमुक पक्षाचा, ही मतदाराची नोंद सरकारी मतदारयादीत असते. यादी पक्षाच्या कपाटात नाही! म्हणून जून २०१८मध्ये दहा वेळा निवडून आलेले, क्वीन्समध्ये पक्षाचे सर्वेसर्वा असलेले जो क्रॉली एका अठ्ठावीस वर्षांच्या मुलीकडून हरतात. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ती बारमध्ये काम करत होती. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझला तिकीट मागायला कुणाच्या बंगल्यावर जावं लागलं नाही. जून २०२५ला झोहरान ममदानीने माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोला प्रायमरीत हरवलं, नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आला. आपल्याकडे? मतदारयादी निवडणूक आयोग करतो. पक्षाची सभासदयादी कोण करतं? ज्याच्या खिशात पावतीपुस्तक तो. चार आण्यांच्या सभासदत्वाच्या काळातही बोगस सभासदांवर गांधीजी वैतागून लिहीत होते. आणि १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर तर आतल्या आमदाराचं तोंडही शिवलं. व्हिपविरुद्ध मत दिलं की जागा गेली. नरेंद्र देवांनी स्वखुशीने सोडली ती जागा. आता तुम्ही मनातलं मत दिलंत तर काढून घेतात. दुसरीकडे दोन तृतीयांश जमवून पक्षच बदललात, तर ते विलीनीकरण."

"अमेरिकेचंही पुरतं सांगा," आतला म्हणाला. "२००६, कनेक्टिकट. इराक युद्धाला विरोध म्हणून कार्यकर्त्यांनी जो लीबरमनना प्रायमरीत पाडलं, नेड लॅमाँटला निवडलं. लीबरमननी काय केलं? अपक्ष उभे राहून नोव्हेंबरात जिंकले. २०२१ला बफेलो शहरात इंडिया वॉल्टनने महापौरांना प्रायमरीत हरवलं, त्यांनी लोकांना मतपत्रिकेवर आपलं नाव हाताने लिहायला लावून खुर्ची राखली. कुओमोही अपक्ष उभे राहिलेच, फक्त हरले. पक्षशिस्तीचं पुराण सांगणारे श्रेष्ठी स्वतः हरले की सर्वांत आधी बाहेर पडतात. आणि प्रायमरीला पैसा किती लागतो? आपल्याकडे आणली तर ती साखर कारखानदार जिंकेल. सभासद त्याच्याकडे, ट्रॅक्टर त्याच्याकडे."

"लागतो पैसा. तरी मला ते दार हवं. कारण माझा खरा पेच वेगळाच आहे. आपण मघापासून मोजतोय त्यांत श्रेष्ठींनी कुणाचं ऐकलं? ज्याच्यामागे पक्षाने न दिलेली माणसं होती त्याचं. समाजवाद्यांमागे किसान सभा होत्या, युनियन होत्या, पुढे १९४१पासून एस. एम.नी बांधलेलं राष्ट्र सेवादल आलं. किसान सभा, युनियन नसत्या तर नेहरूंनी त्यांना तीन खुर्च्या दिल्या असत्या का? पण तीच माणसं, तीच स्वतंत्र नोंदणी, तीच वेगळी शिस्त १९४८ला गुन्हा ठरली. म्हणजे ज्याच्यामुळे आतला माणूस ऐकून घेण्याजोगा होतो, नेमकं तेच कुठल्याही पक्षाला चालत नाही. आणि चालू नये, हेही तुम्ही मघाशी लिमयांच्या आणि कम्युनिस्टांच्या उदाहरणाने दाखवून दिलंत. मला त्यावर उत्तर सुचत नाहीये."

"यशवंतरावांमागे माणसं होती. त्यांना नाही घालवलं."

"ती माणसं सत्तेने उभी केलेली होती. सोसायट्या, कारखाने, जिल्हा बँका. पक्षाने दिलं ते पक्षाला परत घेता येतं, म्हणून त्याची भीती नसते. सेवादलाची होती."

आतला यावर अडखळला. मग त्याने बाजू मांडायचं सोडून सरळ प्रश्न केला. "तुम्ही पक्ष सोडून संघटना काढलीत त्याला किती वर्षं झाली?"

"नऊ."

"संघटनेची निवडणूक?"

"एकदा झाली. दुसरी तीन वर्षांपूर्वी व्हायची होती. सभासदयादी पुरी नव्हती, म्हणून पुढे ढकलली."

"यादी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," बाहेरची म्हणाली. "अर्धी संगणकावर आहे, अर्धी पावत्यांच्या स्थळप्रतींत. दोन तालुक्यांची पुस्तकं अजून परत आलेली नाहीत. तिथली पोरं माझ्याविरुद्ध पॅनेल उभं करतायत असं ऐकते. पुस्तकं मागायची की राहू द्यायची, ते मी ठरवलेलं नाही."